ठिपक्यांचा बोका

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "मॅडम, मनी गेल्यावर तुम्ही दुसरं मांजर आणलं का?" नाही म्हटल्यावर ती घडाघडा बोलायला लागली. नवरा-बायको दोघंही जूनमध्ये जर्मनीला निघालेत. घरात चौदा महिन्यांचा बेंगॉल जातीचा बोका आहे, त्याला नेणं जमत नाही. शेवटी आवाज खाली आणून म्हणाली, "आणि खरं सांगू का, गेले चार महिने तो आम्हाला झेपत नाहीये."

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. घर कोथरूडला, चौथ्या मजल्यावर. घरात मी, नवरा, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. पंधरा वर्षांची गावठी मनी गेल्यापासून अण्णांनी मांजराचं नाव काढू दिलं नव्हतं. तरी मी विद्यार्थिनीच्या घरी वाकडला जायला निघाले तेव्हा ते चपला घालून दारात उभे. "नुसतं बघायला येतो," म्हणाले.

अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचं दार उघडलं तसा वास आला. वयात आलेला बोका ज्यांनी पाळलाय त्यांना हा वास सांगावा लागत नाही. पडद्यांच्या खालच्या हातभर कडेच्या चिंध्या झाल्या होत्या. सोफ्याचा एक कोपरा फाटून आतला स्पंज दिसत होता. आणि तो स्वतः फ्रीजवर बसून आमच्याकडं एकटक बघत होता.

आजवर मी डझनभर मांजरं पाळली असतील, पण असा बोका इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. अंगाचा रंग सोनेरी तपकिरी. त्यावरचे ठिपके दुरंगी, मध्ये गडद बदामी आणि भोवती काळी, तुटक कड. बिबट्याच्या अंगावर असतात तसेच. त्यांना रोझेट म्हणतात. आपल्या गावठी वाघ्या मांजरांचे पट्टे पाठीवरून खाली पोटाकडं उतरतात, याचे ठिपके मात्र खांद्यापासून शेपटीकडं आडवे वाहत गेल्यासारखे दिसतात. पोट पांढुरकं, पण त्यावरही ठिपके. अंगाच्या मानानं डोकं लहान, कान आखूड आणि टोकाला गोलसर, शेपूट जाड आणि तिचं टोक काळंभोर. मागचे पाय पुढच्यांपेक्षा जरासे उंच. तो खाली उतरून खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यातून चालत गेला तेव्हा पाठीवरच्या केसांची टोकं जरीसारखी चमकली. अण्णा खुर्चीत पुढं सरकून बसले.

"हे तर आपल्या वाघाटीवानी दिसतंय गं!"

आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यात. तिथं उसाच्या फडात वाघाटी नावाचं छोटं रानमांजर असतं. ती किती लहान आणि किती बुजरी, हे अण्णांनी बघितलेलं आहे. त्याबद्दल पुढं लिहिते.

विद्यार्थिनीनं एक छापील कागद पुढं केला. ४५ हजार रुपये मोजून आणलेला बोका. विकणाऱ्यानं सांगितलेलं, की हा 'एफ २' आहे, म्हणजे याचा आजा किंवा आजी खरीखुरी जंगली. कागदावर मायक्रोचिपचा क्रमांक नाही, आईबापांची नावं नाहीत, कुठल्या मांजर संघटनेची नोंद नाही. ती मात्र सगळ्या त्रासाचं कारण त्या दोन अक्षरांतच शोधत होती. "जंगली रक्त आहे ना मॅडम, त्यामुळंच असा वागतो. रात्री तीनला दारावर उड्या, भिंतींवर फवारे. आम्ही रात्री बाथरूममध्ये कोंडायला लागलो."

मग बोलता बोलता ती सहज म्हणाली, की ऑक्टोबरमध्ये दार उघडं राहिलं आणि बोका दोन दिवस बेपत्ता झाला, आणि डिसेंबरात सोसायटीतल्या मांजरीला तीन पिल्लं झाली, त्यातली दोन ठिपक्यांची. तिला त्याचं कौतुक होतं. मी मात्र तिथंच अडकले. हा बोका बाप होऊ शकत असेल तर तो एफ २ असणं जवळजवळ अशक्य.

हे नीट सांगायचं तर बेंगॉल जात कशी झाली इथून सुरुवात करायला हवी. आशियात लेपर्ड कॅट नावाचं रानमांजर आहे. आपल्या सह्याद्रीतही आहे. त्याचं शास्त्रीय नाव प्रायोनायलुरस बेंगालेन्सिस, आणि बेंगॉल हे नाव त्यावरून पडलं. कॅलिफोर्नियातल्या जीन मिल यांनी १९६३ साली त्यांच्याकडच्या लेपर्ड कॅट मादीचा घरगुती काळ्या बोक्याशी संकर घडवला. तो प्रयोग पुढं थांबला. १९८० साली लोमा लिंडा विद्यापीठातल्या डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांच्याकडची संकरित मांजरं त्यांना मिळाली आणि काम पुन्हा सुरू झालं. सेंटरवॉल यांचा हेतू वेगळाच होता. ते मांजरांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूवर काम करत होते आणि लेपर्ड कॅटच्या प्रतिकारशक्तीचा शोध घेत होते. या जातीत दिल्लीचाही वाटा आहे, हे मी वर्गात दरवर्षी आवर्जून सांगते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जीन मिल दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या असताना गेंड्याच्या आवारात राहणारा एक ठिपक्यांचा, चमकदार केसांचा भटका बोका त्यांच्या नजरेत भरला. तो त्यांनी अमेरिकेला नेला. आजच्या बेंगॉल मांजरांच्या केसांवरची ती जरीची झाक, ज्याला पाळणारे ग्लिटर म्हणतात, त्याच्याकडून आली असं मानतात. जंगलातून आली असं वाटायला लावणारी ही चमक मुळात आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बोक्याची! 'टिका' या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेनं १९९१ मध्ये बेंगॉलला स्पर्धेत उतरायची पूर्ण मान्यता दिली.

आता नरांचं. लेपर्ड कॅट आणि घरच्या मांजराचा थेट संकर झाला की ती पहिली पिढी, एफ १. तिचं पिल्लू एफ २, त्याचं एफ ३. या पहिल्या पिढ्यांमधल्या माद्यांना पिल्लं होतात, नर मात्र सहसा वांझ असतात. दोन वेगळ्या प्राणिजातींच्या संकरात एक्स आणि वाय अशी वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असणारं लिंग आधी मार खातं, हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली मांडला. तेच हॉल्डेन, जे पुढं भारतात येऊन भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. म्हणून बेंगॉलची पैदास करणारे पहिल्या पिढ्यांतल्या माद्यांना घरच्या बोक्यांशी जुळवत जातात आणि चौथ्या पिढीपासून पुढच्या मांजरांना घरगुती बेंगॉल म्हणतात. बाजारात जे विकलं जातं ते बहुतेक असंच, अनेक पिढ्या घरात वाढलेलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तर बेंगॉल मांजरांमध्ये लेपर्ड कॅटचा वाटा सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला.

त्या दिवशी मी हे सगळं तिला सांगितलं नाही. बोक्याला बास्केटमध्ये घालून आम्ही निघालो. नाव होतं मोका. चांदणी चौक यायच्या आत अण्णांनी त्याचा मोक्या करून टाकला.

पहिले दहा दिवस तो फक्त अण्णांच्या खोलीत होता. नव्या घरात आणलेल्या मांजराला एकदम सगळं घर देऊ नये, हे मी मनीच्या वेळी चूक करून शिकले होते. एक खोली, तिच्यात वाळूची ट्रे एका टोकाला, खाणं दुसऱ्या टोकाला, लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं. फवारे सुरूच होते. आमच्या बाई नेहमीप्रमाणे फिनाईलची बाटली घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना थांबवलं. मांजराच्या यकृताला फिनॉल निकामी करता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ते पोटात जातं. मांजर पाळणाऱ्या प्रत्येक घरातून ती बाटली आधी बाहेर जायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं. आम्ही एन्झाईमचं क्लीनर आणलं. त्यानं वास मुळापासून जातो, आणि वास गेला की तिथंच परत मुतायचं कारण राहत नाही.

तिसऱ्या आठवड्यात नसबंदी ठरली. खरं म्हणजे ती सहा महिन्यांचा असतानाच व्हायला हवी होती. डॉक्टरांना मी आधीच विनंती करून ठेवली होती. त्यांनी काढलेल्या एका वृषणावरचं अधिवृषण, म्हणजे शुक्राणू साठवणारी नळी, मिठाच्या निर्जंतुक पाण्यात कात्रीनं चिरलं, त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडं वळवला. मी आधी कमी भिंगाखाली पाहिलं. सगळं क्षेत्र थरथरत होतं. मग चाळीसचं भिंग लावलं. डोकं, लांब शेपटी, सरळ रेषेत धावणारे शुक्राणू, मोजता येणार नाहीत इतके. वीस वर्षं मुलांना तयार काचपट्ट्या दाखवल्या, पण एका प्रश्नाचं उत्तर असं डोळ्यांदेखत पळताना कधी बघितलं नव्हतं. मोक्या शेजारच्या टेबलावर भुलीत जीभ बाहेर काढून पडला होता. एफ २ चा दावा तिथंच संपला. हा घरचा बोका होता.

संध्याकाळी विद्यार्थिनीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मॅडम, तो जंगली नव्हताच?" मी म्हटलं, नाही बाळा. तुमच्याकडं दोघंही दिवसाचे अकरा तास बाहेर, आणि तो एकटा. एवढंच होतं. त्यात तिचा दोष मी धरला नाही. खोटं सांगून विकणाऱ्यावर मात्र मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. ठिपक्यांबरोबर 'जंगली' हा शब्द विकला की मांजर बिघडल्याचं खापर रक्तावर फोडता येतं. मग मालक त्याच्याशी खेळायच्या ऐवजी त्याला कोंडतो.

खरं जंगली कसं असतं ते अण्णांना विचारावं. दोन वर्षांपूर्वी दिरांच्या शेतात ऊसतोड चालू असताना फडात पाचटाखाली दोन पिल्लं निघाली. मुठीत मावतील एवढी, राखाडी, पाठीवर तांबूस ठिपक्यांच्या रांगा. आमच्याकडं सगळे तिला वाघाटी म्हणतात. इंग्रजीत रस्टी स्पॉटेड कॅट. लेपर्ड कॅटच्याच प्रायोनायलुरस गटातली, म्हणजे मोक्याच्या पूर्वजांची चुलत बहीण, आणि जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा दीड किलोच्या आत-बाहेर. तोडणी थांबवून वनखात्याला कळवलं. त्यांची माणसं आणि पशुवैद्य आले, पिल्लं तपासली आणि अंधार पडायच्या आत, सापडली होती त्याच जागी एका खोक्यात ठेवली. सगळ्यांना लांब जायला सांगितलं. अण्णा गोठ्याच्या ओट्यावर रात्रभर जागे बसले होते. पहाटे खोकं रिकामं. आई येऊन एकेक करून घेऊन गेली होती. "तिनं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही," अण्णा सांगतात, "आणि बघू पण नये." वाघाटी काय, लेपर्ड कॅट काय, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं दोन्ही संरक्षित आहेत. ती पाळायची नसतात. जीन मिल यांच्याही डोक्यात हेच होतं. रानमांजरांची पिल्लं पाळायला विकली जाऊ नयेत, आणि अंगावर ठिपके असलेलं कातडं पांघरायची हौस कमी व्हावी.

तर मोक्याला काय हवं होतं? काम. संप्रेरकं उतरायला महिना-दीड महिना लागला, फवारे कमी होत होत थांबले, पण रात्री तीनच्या उड्या त्यानं थांबल्या नाहीत. त्या थांबल्या वेळापत्रकानं. पहाटे साडेपाचला आणि रात्री नवाला, पिसांची काठी घेऊन वीस-वीस मिनिटं, तो धापा टाकेपर्यंत. शेवटी पीस त्याच्या पंजात सापडू द्यायचं आणि लगेच खायला घालायचं. शिकार, मग जेवण, मग अंग चाटणं, मग झोप. मांजराचा दिवस याच क्रमानं लागतो. आठव्या रात्री मी पहाटेपर्यंत सलग झोपले.

सुतारानं बैठकीच्या भिंतीवर सहा फळ्या उतरंडीसारख्या ठोकून दिल्या, सगळ्यात वरची पंख्याच्या पात्यांपासून लांब. खांब अण्णांनी केला. माळ्यावरचा चार इंची पाईप, त्याला खाली जाड लाकडी पाट, आणि सगळ्या पाईपला सुतळी. ते गच्चीच्या दाराशी बसून सुतळी गुंडाळायचे. एक वेढा झाला की अंगठ्याच्या नखानं तो खालच्या वेढ्यावर दाबायचा, ओढायचा, मग पुढचा. मध्ये फट दिसली की मागचे चार वेढे सोडून परत. दोन दुपारी लागल्या. मोक्या समोर बसून सुतळीचं शेपूट पकडायचा आणि अण्णा त्याला रागवायचे. नंतर सोफ्याला त्यानं नख लावलं नाही असं म्हणणार नाही, पण खांब त्याचा झाला.

जाळीत माझी चूक झाली. बाल्कनीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी होती, तीच चालेल असं वाटलं. एका दुपारी कॉलेजातून आले तर जाळीला वीतभर भोक, कडेचे दोरे कुरतडलेले, आणि मोक्या कठड्यावर. चौथा मजला. मी हाक मारली नाही. दचकला असता. आत जाऊन खाऊचा डबा हलवला, तेव्हा तो उडी मारून आत आला. हातपाय गार पडले होते. दुसऱ्याच दिवशी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून एक इंची चौकोनांची वेल्डमेश जाळी चौकटीत बसवून घेतली. ज्यांना बेंगॉल आणायचा आहे त्यांनी आधी जाळी लावावी, मग मांजर आणावं.

पाण्याचं वेड या जातीत पुष्कळ दिसतं. मोक्या आंघोळीच्या बादलीत कोपरापर्यंत पंजा घालून पाणी ढवळतो, नळाची धार डोक्यावर घेऊन पितो. अण्णांनी त्यांच्या आईचं पितळी घंगाळ काढून बाल्कनीत ठेवलं, त्यात टेबल टेनिसचा चेंडू सोडला. उन्हाळाभर सकाळचा अर्धा तास त्यात गेला. बोलतोही फार. गावठी मांजरांसारखं नुसतं म्याँव नाही. दारातून कुणी आलं की घशातून गुर्र आणि शीळ यांच्या मधला एक आवाज, कबुतर दिसलं की दात वाजवत किटकिट, आणि जेवण उशिरा झालं की लांबलचक हंबरडा. मांडीवर मात्र बसत नाही. अण्णा पेपर वाचतात तेव्हा त्यांच्या पायाला पाठ टेकून झोपतो, तेवढंच. जिभेनं 'टॉक' असा आवाज काढला की खाऊ मिळतो हे अण्णांनी त्याला शिकवलं. आता त्या आवाजावर तो बसतो, बास्केटमध्ये शिरतो आणि पट्टा घालून घेतो.

कागदपत्रंही पूर्ण केली. मायक्रोचिप बसवली, रेबीज आणि तिहेरी लस दिली. पुण्यात पाळीव मांजराचाही महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. रेबीजच्या लसीचा दाखला आणि राहत्या घराचा पुरावा जोडून तो काढला. गालाच्या आतल्या बाजूचा नमुना जनुकीय चाचणीला पाठवला, कारण बेंगॉलमध्ये दोन आनुवंशिक दोष ठाऊक आहेत. एकात पायरुव्हेट कायनेजच्या कमतरतेमुळं लाल पेशी लवकर फुटतात, दुसऱ्यात लहान वयातच दृष्टिपटल झिजून आंधळेपण येतं. पहिल्यात तो निर्दोष निघाला. दुसऱ्याच्या सदोष जनुकाची एक प्रत त्याच्याकडं आहे. दोन प्रती असल्या तरच आजार होतो, त्यामुळं त्याची नजर शाबूत राहील, आणि नसबंदीमुळं ती प्रत पुढंही जाणार नाही. सोसायटीतल्या त्या दोन ठिपक्यांच्या पिल्लांची मला तेव्हा आठवण झाली. विद्यार्थिनीला सांगून दोघांचीही नसबंदी जर्मनीला जायच्या आधी करून घेतली. हृदयाच्या स्नायूचा आजारही या जातीत आढळतो, म्हणून वर्षातून एकदा त्याची सोनोग्राफी होणार आहे.

जुलैपासून नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी मोक्या जेवला नाही. अण्णांच्या कपाटाचा खालचा कप्पा आम्ही रिकामा केला, त्यात त्यांचं जुनं धोतर पसरलं, दार बोटभर उघडं ठेवलं, आणि सरावाच्या वेळेच्या आधी त्याला भरपूर खेळवायला लागलो. पंधरा दिवसांत तो ढोल सुरू झाले की आपण होऊन कप्प्यात जायला शिकला.

विसर्जनाच्या रात्री खिडक्या लावून अण्णा कपाटाशेजारी खुर्ची टाकून बसले. मुलगी मिरवणूक बघायला गेली होती. मधून मधून अण्णा 'टॉक' करायचे आणि आतून तो घशातला आवाज यायचा. पहाटे पाचच्या सुमारास लांबचे ढोल थोडे विरले. दार सरकलं. मोक्या बाहेर आला, एक पाय मागं ताणला, मग दुसरा, आणि बाल्कनीत जाऊन घंगाळातल्या चेंडूला पंजा मारला.